रिमिक्समधली शिट्टी

मामा, तुझा एसी अजून उघडाच पडलाय.

तू गेल्यावर पहिल्यांदा जिदहफ्सच्या तुझ्या खोलीवर गेले, तेव्हा शाजीभाईंनी दार उघडलं आणि स्वतः स्वयंपाकघरातच थांबले. इतकी वर्षं तुझ्या शेजारच्या पलंगावर झोपलेला माणूस, पण आता त्या खोलीत पाय ठेवताना बिचकतात. झोपायला भावाकडे जातात म्हणे. पलंगाखाली तुझ्या कामाच्या बुटांवर पांढरी धूळ तशीच आहे. भिंतीतल्या चौकोनात तू कोंबलेला पुठ्ठा तसाच आहे. आणि खाली जुन्या वर्तमानपत्रावर तो विंडो एसी, पोट उघडं टाकून. त्याचे स्क्रू चहाच्या बशीत. शाजीभाईंनी बाहेरूनच विचारलं, "इसको कौन बंद करेगा?"

 त्या एसीत काहीच बिघडलं नव्हतं. मग बिघाड कुठे होता, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिही, असं मला सांगितलंय. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे येतं. खरं तर मराठी मला बोलायला जमतं, लिहायला भीती वाटते. तू मराठीत विचारायचास आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि तू आईला म्हणायचास, "ताई, तुही पोरगी माह्यावर सायबासारखी बोलते." आज सगळं मराठीतच सांगते. कुठे अडखळले तर समजून घे. तुझं गाव, तुझं वय, तू बहारीनला कधी आलास, हे सगळं पप्पा कार्यक्रमात सांगतील. मला वेगळं सांगायचंय.

सनाबिसमध्ये आमच्या मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बहारीनी बाबांच्या घरी तू एसी साफ करायला गेला होतास. त्यांनी तुला अरबी कॉफीचा गहवा पाजला आणि कॅसेट लावली. अमेरिकेतली कुणी काळी बाई गात होती. एक शब्द कळला नाही, तरी तू शिडीवरून खाली उतरून उभा राहिलास. संध्याकाळी आमच्याकडे येऊन आईला म्हणालास, "आपली आजी रडे ना ताई, तशी गाते थे बाई." मी तुला सांगितलं की याला सोल म्हणतात, सोल म्हणजे आत्मा. तू थोडा विचार केलास. मग म्हणालास, "आपण आत्मा मानत नाई. पण हे गाणं मानू."

सोल तू मला दिलंस आणि हिपहॉप मी तुला दिलं. मग आपला शुक्रवारचा नियम ठरला. जेवण झाल्यावर एकमेकांना एकच रिमिक्स पाठवायचं, ऐकण्यासारखं असेल तरच. नसेल त्या शुक्रवारी काही पाठवायचं नाही. तू फक्त "ऐक" असं लिहून पाठवायचास. मी मोठमोठे परिच्छेद लिहायचे, आणि ते तू वाचायचास की नाही ते आता कधीच कळणार नाही.

एक मात्र तू नक्की वाचला होतास. एका रॅपरचं गाणं होतं, सगळा वेळ धमक्या देणारं. कुणीतरी त्यातले ढोल पूर्ण काढून टाकले होते आणि खाली नुसता चर्चमधल्यासारखा ऑर्गन ठेवला होता. ढोल गेल्यावर तोच माणूस, तेच शब्द, पण आता तो भेदरलेला वाटत होता. दाराबाहेर कुणीतरी आलंय आणि तो आतून ओरडतोय, असं. मी लिहिलं की मला हे ऐकून रात्रभर बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तू घरी येऊन म्हणालास, "हेच रिमिक्स. काही टाकू नको त्याच्यात. काढून पाय, मंग आतमधी काय होतं थे दिसते."

मला ते पटलं नव्हतं. माझं म्हणणं, रिमिक्स स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. मूळ गाणं माहीत नसलेल्यालाही ते आवडलं पाहिजे. तुझं म्हणणं, रिमिक्स ऐकल्यावर मूळ गाण्याकडे परत जावंसं वाटलं पाहिजे, नाहीतर ती नुसती चोरी. या भांडणाचा निकाल लागला नाही. पुढे आपण स्वतःच रिमिक्स करायला लागलो, तेव्हा आणखी एक भांडण सुरू झालं, श्वासाचं.

गाण्यातून आवाज वेगळा काढला की दोन ओळींच्या मध्ये गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. बहुतेक लोक तो कापतात. मीही कापायचे. तेवढ्या जागा रिकाम्या केल्या की आवाज स्वच्छ वाटतो. तू तसं कधी केलं नाहीस, मला करू दिलं नाहीस. एकदा मी तुझ्या लॅपटॉपवर तुझ्याच एका गाण्यातले श्वास काढून दाखवले, तर तू हेडफोन काढून टेबलावर ठेवलास.

"दोन ओळींच्या मधात थो माणूस मरते का? श्वास राहू दे."

तुझ्या प्रत्येक रिमिक्सच्या सुरुवातीला तुझाच आवाज असायचा, "एक, दोन, यल्ला," यल्ला म्हणजे इथल्या अरबीत चला, आणि मग गाणं सुरू. तो मोजणीचा भागही तू कापायचा नाहीस. मी म्हणायचे, मामा, हे फक्त वाजवणाऱ्यासाठी असतं, ऐकणाऱ्यासाठी नाही. तू म्हणायचास, ऐकणाऱ्यालाही कळू दे की इथे एक माणूस बसलाय.

मग ती शिट्टी आली.

थंडी संपत आली होती तेव्हा. तू एका जुन्या सोल गाण्यावर काम करत होतास, आणि "एक" आणि "दोन"च्या मध्ये एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. वर चढणारी, मग तुटणारी. आपण दोघांनी एकेक कान लावून ऐकलं. मी म्हटलं, माइकची वायर असेल. वायर बदलली. शिट्टी तशीच. तू एसीकडे बघितलंस आणि हसलास, कारण दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा एसी शिट्टी वाजवतो, ही पप्पांना सांगण्यासारखी गोष्ट होती. पप्पांनी ती आठवडाभर कामावर सगळ्यांना सांगितली.

तू पंखा काढून साफ केलास. तेल घातलंस. फिल्टर नवा आणलास. शिट्टी राहिलीच. मग एसी बंद करून रेकॉर्ड करून बघितलं. तरीही आली, तर तू म्हणालास की वरच्या मजल्यावरचा असेल, पाइपातून आवाज उतरतो. शाजीभाईंचा छोटा फ्रिज बाहेर काढलात. आणि शेवटी, बाहेर ऊन पेटलेलं असताना, तू आख्खा एसी भिंतीतून उतरवलास आणि त्या भोकात पुठ्ठा कोंबलास. घामाने निथळत तू माइकसमोर बसलास. खोलीत काहीही चालू नव्हतं. पंखासुद्धा नाही.

"एक," तू म्हणालास, आणि शिट्टी वाजली.

आपण एकमेकांकडे बघितलं. तू पुठ्ठ्यावर हात फिरवलास. मग म्हणालास, "बाहेरची हवा असन. पुठ्ठ्यातून येते." मीही मान डोलावली. आपण दोघं पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावत बसलो. तू मध्येच खोकलास, आणि मी तुला पाणी दिलं, आणि पुन्हा पट्टी लावायला घेतली. मामा, ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घरातला बिघाड शोधायला निघालेली दोन माणसं, आणि सगळ्या यंत्रांवर हात ठेवून बघतायत.

सलमानिया हॉस्पिटलच्या वॉर्डात तुला ऑक्सिजनचा मास्क लावला होता, म्हणून तू बोलू शकत नव्हतास. फुप्फुसं आतून कडक झालीत, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं, आणि विचारलं की हे धुळीचं काम करत होते का. आईने पप्पांकडे बघितलं. जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये सरपटत शिरायचं आणि आतलं सडलेलं इन्सुलेशन खरवडून काढायचं, हे तुमचं दोघांचं काम. तुला त्या कामावर पप्पांनीच लावलं होतं. तोंडाला रुमाल बांधला की झालं, हे तुला शिकवलंही त्यांनीच.

त्या संध्याकाळी तू मला खुणेने इयरफोन मागितलेस. मला वाटलं, तुला गाणं ऐकायचंय. तू एक आपल्या कानात घातलास, एक माझ्या. तुझं अर्धं राहिलेलं रिमिक्स लावलंस. "एक, दोन, यल्ला." तिथेच थांबवलंस. परत मागे नेलंस. "एक, दोन, यल्ला." पुन्हा मागे. मला वाटलं, बोट चुकतंय, म्हणून मी तुझ्या हातातून फोन घेऊन गाणं पुढे नेलं. तू मान हलवलीस आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवलास. मी तो हात धरला. मला वाटलं, तुला भीती वाटतेय.

तेवढ्यात पप्पा आले. लिफ्टला गर्दी होती, म्हणून जिन्याने चढून आले होते आणि पलंगाच्या पायथ्याशी दांडी धरून दम खात उभे होते. तू कानातला इयरफोन काढलास. गाण्यात काही नवीन सापडलं की तू मान जशी तिरकी करायचास, तशी केलीस, पप्पांच्या दिशेने. बराच वेळ तसाच राहिलास. मग माझ्याकडे बघितलंस.

मला काही कळलं नाही. दुसऱ्या सकाळी तू नव्हतास.

कळलं ते नंतर. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझं अर्धं रिमिक्स लावावं असं आईच्या मनात आलं, म्हणून मी ते स्वच्छ करायला बसले. मला माहीत होतं, तुला हे आवडलं नसतं. पण सगळ्यांसमोर त्या शिट्टीसकट लावायचं मला बरं वाटेना. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: तुम्ही जे काढून टाकताय, फक्त तेवढंच ऐकता येतं. मी ते बटण दाबलं. गाणं गेलं, तुझे शब्द गेले. उरली शिट्टी. एकटी ऐकल्यावर ती यंत्राची वाटेना. ती आत जात होती आणि बाहेर येत होती.

मग मी तुझी जुनी रिमिक्स काढली, पहिल्यापासून, आणि गाणी न ऐकता प्रत्येकाची फक्त सुरुवात ऐकली. पहिल्यात तू एका श्वासात "एक, दोन, यल्ला" म्हणून टाकतोस, हसतोससुद्धा. मग कुठेतरी "दोन"नंतर श्वास घ्यायला लागतोस. मग "एक"नंतरही. तू काही कापलं नाहीस म्हणून ते सगळं तिथे आहे. तुझा आजार तू गाण्यांच्या आधी, प्रत्येक वेळी, आम्हाला ऐकवत होतास.

शुक्रवारची दुपार होती. आई मागचं आवरत होती. पप्पा जेवून हॉलमध्ये चटईवर आडवे झाले होते. मी हेडफोन काढला.

शिट्टी थांबली नाही.

मी लॅपटॉपकडे बघितलं. गाणं थांबलेलं होतं. आवाज चटईवरून येत होता, वर चढणारा, मग तुटणारा. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली की काय बघतेस, हे तर कधीचे असेच घोरतात.

पप्पा उठल्यावर मी त्यांना दवाखान्यात चला म्हटलं. ते म्हणाले, इंशाल्ला. आमच्या घरात इंशाल्ला म्हणजे नाही, हे तूच मला लहानपणी शिकवलं होतंस. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांचा व्हिसा रिन्यू व्हायचाय. डॉक्टरने कागदावर काही लिहिलं आणि कंपनीला कळलं, तर रिन्यू करणार नाहीत. त्यांचा गेला की आईचा आणि माझाही जातो, आणि माझं हे शेवटचं वर्ष आहे.

"तुही डिग्री होऊ दे पहिले. मले काही झालं नाई. धूळ आहे थे."

मी म्हटलं, मामाही हेच म्हणायचा. त्यांचा हात चहाच्या कपाकडे जाता जाता थांबला. मग ते उठून बाहेर गेले. आई मला म्हणाली, त्यांना तसं बोलायला नको होतं. नको होतं, मलाही माहीत आहे.  मी कॉलेजात शिकतेय, मला त्यांच्यासमोर दोन धड वाक्यं मांडता आली नाहीत. आणि ज्या डिग्रीसाठी ते स्वतःचा श्वास पणाला लावतायत, ती माझीच.

तेव्हा मला डफडं आठवलं.

तुझं रिमिक्स अर्धं राहिलं ते पप्पांमुळे. तू गावाहून कपड्यांत गुंडाळून डफडं आणलंस, आणि त्या सोल गाण्याखाली पप्पांनी ते वाजवावं म्हणून किती मागे लागला होतास. पप्पांनी हात लावला नाही. त्यांच्या वडिलांनी, मेलेली ढोरं ओढण्यासारखीच गावात डफडं वाजवण्याचीही सक्ती होती म्हणून, ते एके दिवशी खाली ठेवलं आणि पोराच्या हातात पाटी दिली. लहानपणी हात बसलेला असूनही पप्पांनी पुन्हा कधी काठी उचलली नाही. तू म्हणायचास, "भाऊजी, त्या वाजवण्यातून गुलामी काढून टाका, मंग उरते थेच रिमिक्स आहे." पप्पा म्हणायचे, तू चामड्यातून वास काढून दाखव, मग वाजवतो. दोघं हसायचात. पण ते हसत हसत नाहीच म्हणत होते.

मी त्यांना एवढंच म्हटलं, मामाचं गाणं पूर्ण करायचंय.  परवा कामावरून आले आणि चपला न काढताच म्हणाले, चल.

तुझ्या खोलीत आम्ही दोघंच होतो. पप्पांनी स्वयंपाकघरात गॅसच्या आचेवर डफडं शेकलं, बोटाने टणक झालं का बघत. शाजीभाई दारात उभं राहून बघत होते. मग पप्पा तुझ्या पलंगावर बसले, मी माइक लावला, त्यांच्या कानात तुझं गाणं दिलं. मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी तुझ्यासारखंच म्हटलं, "एक, दोन, यल्ला."

मामा, ते वाजवतात. मला कुणी सांगितलंच नव्हतं की माझे पप्पा असं वाजवतात. गाण्यातली ती बाई वरून रडत येत होती आणि पप्पा खालून तिला हात देत होते. शेवटच्या ठोक्यानंतर त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या आणि डोळे पुसले. मी रेकॉर्डिंग लगेच थांबवलं नाही. थोड्या वेळाने सुरुवातीला नेलं आणि स्पीकरवर लावलं. पहिल्यांदा तुझी मोजणी. मग पप्पांची.

पप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. हा त्यांच्या धंद्याचा आवाज होता, त्यांचा कान लगेच तिकडे गेला.

"बेअरिंग गेलंय त्या एसीचं. बंद कर नं पहिले," असं म्हणून ते भिंतीकडे वळले.

भिंतीत पुठ्ठा होता. एसी त्यांच्या पायाशी, वर्तमानपत्रावर उघडा पडला होता.

ते किती तरी वेळ त्या एसीकडे बघत राहिले. वाकून त्यांनी बशीतला एक स्क्रू उचलला, परत ठेवला.  मला बोलायचं होतं ते सगळं तू आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतंस.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. तुझी शिट्टी, मग त्यांची. तीच चढण, तेच तुटणं.

घरी येताना ते गाडीत एकच वाक्य बोलले, तुझं नाव घेऊन. "नितीनले मीच आणलं होतं इथं."

माझ्या डिग्रीचं काय होईल ते मला माहीत नाही. डॉक्टर कागदावर काय लिहितील तेही नाही. तू वॉर्डात पप्पांचा श्वास ऐकून माझ्याकडे जे बघितलंस, ते मला वेळेवर कळलं की उशिरा, हे आज कळेल. तुझे आभार कसे मानतात मामा, ज्या गोष्टीने तू गेलास तिच्याबद्दल? तू काही कापलं नाहीस, एवढ्यासाठी मानते. आपलं श्वासाचं भांडण तू जिंकलास.

हे मी सलमानियात एक्स-रेच्या खोलीबाहेर बसून लिहितेय. आई शेजारी आहे, तिच्या मांडीवर पप्पांचा शर्ट आणि घड्याळ. पप्पा आत आहेत. दाराआडून त्या माणसाचा आवाज येतोय, हिंदीत, रोज शंभरदा म्हणत असेल तसा सपाट.

"लंबी साँस लो. रोको."

आईने माझा हात पकडलाय. आम्ही दोघींनीही श्वास धरलाय. दारापलीकडे काहीच ऐकू येत नाही, आणि तो माणूस अजून "छोडो" म्हणालेला नाही.